राखेनंतर आकाश उघडते तेव्हा : २० एप्रिल २०१० चा निर्णय कशाच्या आधारे झाला?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार.

आइसलँडमधील एय्याफ्यालायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या शिखरावरचा उद्रेक १४ एप्रिल २०१० रोजी सुरू झाला. १५ तारखेच्या दुपारी ब्रिटनचे हवाई क्षेत्र बंद करण्यात आले आणि पुढच्या एक-दोन दिवसांत उत्तर व मध्य युरोपातील बहुतेक देशांनी तेच केले. युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे त्या आठवड्यात १ लाखाहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि सुमारे १ कोटी प्रवाशांना त्याची झळ पोहोचली. विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेने बुडालेल्या उत्पन्नाचा अंदाज १७० कोटी डॉलर इतका दिला होता. हे आकडे आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आले असतील. या धाग्यात मला बंदीविषयी नव्हे, तर ती उठवण्याच्या निर्णयाविषयी चर्चा करायची आहे, कारण त्या निर्णयाकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते.

२० एप्रिलच्या रात्री १० वाजता ब्रिटनचे आकाश खुले झाले, तेव्हा ज्वालामुखी शांत झालेला नव्हता. त्याचा उद्रेक मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यापर्यंत कमी-अधिक प्रमाणात चालू राहिला. युरोपच्या आकाशातील राख विरळ झाली होती, पण संपलेली नव्हती. त्या रात्री मुख्यतः बदलला तो नियम. तोवर युरोपातील व्यवहार असा होता की, पूर्वानुमानाच्या नकाशावर जिथे राख दाखवलेली असेल तिथे विमान न्यायचे नाही, मग ती राख कितीही विरळ असो. २० तारखेला ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने इंजिननिर्मात्यांच्या संमतीने जाहीर केले की, घनमीटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत राख असलेल्या हवेतून ठरावीक तपासण्या करून उड्डाण करता येईल. म्हणजे ‘राख आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘राख किती आहे?’ हा प्रश्न आला आणि त्याच्या उत्तरावर आकाश उघडले.

आता हा नियम इतका कडक का होता, तेही पाहू. २४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून मुंबई, क्वालालंपूर, पर्थमार्गे ऑकलंडला जाणारे बोइंग ७४७ विमान रात्रीच्या अंधारात जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. विमानात २६३ माणसे होती. चारही इंजिने एकापाठोपाठ बंद पडली आणि ३७ हजार फुटांवरून विमान तरंगत खाली येऊ लागले. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन:पुन्हा प्रयत्न केल्यावर सुमारे १३ हजार फुटांवर इंजिने सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरले. समोरची काच राखेने घासून इतकी अंध झाली होती की, धावपट्टीचे दिवे जेमतेम दिसत होते. या घटनेनंतर त्या भागातले आकाश बंद केले गेले, पण थोड्याच दिवसांत ते पुन्हा खुले करण्यात आले. मग १३ जुलैला सिंगापूर एअरलाइन्सचे ७४७ विमान त्याच ज्वालामुखीच्या राखेत सापडले आणि त्याची तीन इंजिने बंद करावी लागली. त्यानंतरच तिथले हवाई मार्ग बदलण्यात आले. घाईने आकाश उघडल्याचा इतका स्पष्ट धडा विमान वाहतुकीच्या इतिहासात क्वचितच मिळेल.

हा धडा गांभीर्याने घेतला गेला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पुढाकाराने ज्वालामुखींवर पाळत ठेवणारी यंत्रणा उभी राहिली आणि जगात नऊ राख-सल्ला केंद्रे स्थापन झाली. आइसलँडचा भाग लंडन केंद्राकडे, म्हणजे ब्रिटनच्या हवामान खात्याकडे आहे. राख कुठे पसरेल हे सांगणारे त्यांचे गणिती प्रारूप मुळात १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर किरणोत्सारी धुळीचा माग काढण्यासाठी तयार झाले होते. मात्र एक काम राहून गेले. इंजिनाला किती राख सोसते, याचा आकडा कोणीही निश्चित केला नाही. प्रशांत महासागराच्या परिसरात विमानांना राखेला वळसा घालायला मोकळी जागा असते, त्यामुळे ‘टाळा’ एवढी सूचना तिथे पुरत होती. युरोपच्या दाटीच्या आकाशावर राख पसरली तेव्हा वळसा घालायला जागाच उरली नाही. रविवार, १८ एप्रिलला युरोपात एरवीच्या सुमारे २४ हजार उड्डाणांऐवजी जेमतेम ५ हजार उड्डाणे झाली.

माझे मत असे आहे की, २० एप्रिलला आकाश उघडणे योग्यच होते; पण जो आकडा १९८२ नंतरच्या २८ वर्षांत प्रयोगशाळेत शांतपणे ठरायला हवा होता, तो पाच दिवसांत, मंत्र्यांच्या बैठका आणि विमानकंपन्यांचा वाढता संताप यांच्या दबावाखाली ठरवावा लागला, ही त्या प्रसंगातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. या क्षेत्रातील जाणकारांनी आणि त्या दिवसांत अडकलेल्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

कृष्णपाषाण

उत्तरवारा, धाग्याबद्दल आभार. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो, म्हणून राखेविषयी थोडे लिहितो, कारण ‘राख’ म्हटल्यावर लाकडाची मऊ राख डोळ्यांसमोर येते आणि तिथेच गैरसमज सुरू होतो.

ज्वालामुखीची राख म्हणजे खडकाचा आणि काचेचा चुरा. शिलारसात विरघळलेले वायू सुटताना तो फुटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म, टोकदार कण बनतात. एय्याफ्यालायोकुलच्या बाबतीत दोन टप्पे लक्षात घ्यावे लागतात. २० मार्च २०१० रोजी डोंगराच्या बाजूला, फिम्मवरदुहाल्स या खिंडीत पहिला उद्रेक झाला. तो बेसाल्टचा होता, शिलारसाला चिकट करणारी सिलिका कमी असल्याने लाव्हा पातळ होता आणि तो पाहायला लोक हौसेने जात होते. आपल्या सह्याद्रीचे थरही अशाच बेसाल्टी लाव्हाच्या प्रवाहांनी रचले गेले आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा प्रकार समजावून सांगणे सोपे जाते. १४ एप्रिलचा उद्रेक मात्र वेगळा होता. त्या शिलारसात सिलिकाचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे तो अधिक चिकट होता, आणि तो थेट हिमनदीच्या बर्फाखाली वर आला. वितळलेल्या पाण्याशी गाठ पडताच शिलारस क्षणार्धात थिजून भुगा झाला. ही बारीक राख सुमारे ९ किलोमीटर उंचीपर्यंत गेली आणि वरच्या वेगवान वाऱ्यांनी ती आग्नेयेकडे, थेट युरोपवर नेली. खुद्द आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ पहिल्या आठवड्यात बहुतांशी चालू राहिला, याचे कारण वाऱ्याची ही दिशाच होती.

पुढे २०११ मध्ये आइसलँड आणि कोपनहेगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी त्या राखेच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या स्फोटक टप्प्यातील राख विशेष बारीक, धारदार आणि घासणारी होती, त्यामुळे उड्डाणे थांबवण्याचा निर्णय योग्य होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘उगाच बाऊ केला’ असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा. त्याच अभ्यासातून पुढील उद्रेकांसाठी राखेची चोवीस तासांच्या आत तपासणी करण्याची एक पद्धतही सुचवली गेली.

टर्बाइनपाते

मी मुंबईत विमानांच्या इंजिन देखभालीचे काम करतो. कृष्णपाषाण सरांनी राखेचे स्वरूप सांगितलेच आहे, आता ती इंजिनात गेल्यावर काय होते ते सांगतो.

राखेतील काच साधारण १,१०० अंश सेल्सिअसला मऊ होऊन वितळू लागते. आजच्या जेट इंजिनात ज्वलनकक्षातून टर्बाइनकडे, म्हणजे तप्त वायूने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाकडे, जाणाऱ्या वायूचे तापमान पूर्ण जोर असताना १,४०० अंशांच्या वर असते. म्हणजे राख आत वितळते आणि टर्बाइनच्या तोंडाशी असलेल्या स्थिर पात्यांवर चिकटून बसते. वायूची वाट अरुंद होते, मागे दाब वाढतो, हवेचा प्रवाह उलटा उसळतो आणि इंजिन विझते. विझल्यावर ते थंड होते आणि गुळाचा पाक थंड झाल्यावर कडक होऊन तडकतो, तसा हा काचेचा थर तडकून निघतो. गालुंगगुंगच्या विमानाची इंजिने खाली आल्यावर सुरू झाली ती याच कारणाने. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएम या डच कंपनीच्या ७४७ ची चारही इंजिने अशीच बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. विमान अँकरेजला सुखरूप उतरले, पण चारही इंजिने बदलावी लागली आणि दुरुस्तीचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर झाला. ते विमान तेव्हा जवळजवळ कोरे होते.

त्या विमानाच्या वैमानिकांनी राखेतून बाहेर पडण्यासाठी जोर वाढवून वर चढण्याचा प्रयत्न केला होता. त्या काळच्या माहितीनुसार ते स्वाभाविकच होते. आता वैमानिकांना उलटे शिकवले जाते : जोर कमी करा, म्हणजे आतले तापमान उतरेल, आणि आल्या वाटेने वळून मागे फिरा. विमानातल्या हवामान-रडारवर राख दिसत नाही, कारण ते पावसाच्या थेंबांसाठी बनवलेले असते आणि राखेचे कण त्यामानाने फार लहान व कोरडे असतात. रात्री तर गंधकाचा वास, केबिनमधला धूर आणि काचेवर नाचणारी निळसर ठिणग्यांची आभा, एवढ्याच खुणा हाती असतात.

आता मुद्दा उड्डाणे पुन्हा सुरू करण्याचा. ‘आकाश उघडले’ ही बातमी येते, तेव्हा आमचे काम सुरू होते. राखेच्या प्रदेशात उभ्या असलेल्या विमानांची इंजिने, वेगमापक पिटो नळ्या आणि हवेची सर्व तोंडे झाकून ठेवलेली असतात. ती आवरणे काढण्याआधी वरची राख हलकेच काढावी लागते. काचेवर राख असताना वायपर चालवणे सक्त मना असते, कारण एकाच फेऱ्यात काच ओरखडते. राख पावसाने भिजली असेल तर ती आम्लधर्मी लगदा बनून धातूला खाते. धावपट्टीवरची राख कोरडी झाडली तर पुन्हा उडते आणि फार पाणी मारले तर निसरडी होते, त्यामुळे ती जेमतेम ओली करून गोळा करावी लागते. राखेच्या पट्ट्याजवळून आलेल्या प्रत्येक विमानाच्या इंजिनात बोरस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचिक नळी, घालून कॉम्प्रेसरच्या, म्हणजे आत येणारी हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्यांच्या कडा झिजल्या आहेत का, टर्बाइनच्या पात्यांवर काचेचा थर आहे का आणि त्या पात्यांना गार ठेवणारी बारीक छिद्रे बुजली आहेत का, हे पाहावे लागते. छिद्रे बुजलेले पाते लगेच मोडत नाही. ते नेहमीपेक्षा जास्त तापत राहते आणि कित्येक महिन्यांनी दगा देऊ शकते.

२०१० मध्ये आम्हा देखभालवाल्यांना सर्वांत जास्त चिंतेत टाकले ते फिनलंडच्या हवाई दलाने प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांनी. १५ एप्रिलच्या सकाळी, तिथले आकाश बंद होण्याच्या सुमारास, सरावासाठी उडालेल्या त्यांच्या हॉर्नेट लढाऊ विमानांच्या इंजिनात वितळलेल्या राखेचे थर आढळले होते. थोड्या वेळच्या उड्डाणात हे घडले होते. दुसरीकडे १७ एप्रिलला लुफ्तान्साने दहा रिकामी विमाने म्युनिकहून फ्रँकफर्टला नेली, केएलएमने चाचणी उड्डाणे केली, १८ तारखेला ब्रिटिश एअरवेजच्या चाचणी उड्डाणात कंपनीचे प्रमुख विली वॉल्श स्वतः बसले आणि या विमानांत काहीही बिघाड आढळला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, कारण राख सगळीकडे सारखी नव्हती. बिघाड न झालेल्या उड्डाणांवरून त्या वाटेवर त्या वेळी राख कमी होती एवढेच सिद्ध होते. मर्यादा किती हे त्यावरून कळत नाही, आणि म्हणूनच धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे.

नदीकाठी

सर्वांचे प्रतिसाद मन लावून वाचले. आपण सर्वजण इंजिनाबद्दल आणि आकड्याबद्दल बोलत आहात, मला प्रवाशांच्या बाजूने काही सांगायचे आहे, कारण आकाश उघडणे आणि माणूस घरी पोहोचणे यांत फार मोठे अंतर असते.

माझी आई त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या माझ्या भावाकडून मुंबईला परत येत होती आणि मध्ये युरोपातल्या एका विमानतळावर तिला विमान बदलायचे होते. ती तिथे उतरली आणि पुढची सगळी उड्डाणे रद्द झाली. तिच्याकडे शेंगेन व्हिसा नव्हता, त्यामुळे तिला विमानतळाबाहेर पडता येईना. ज्यांच्याकडे युरोपीय किंवा अमेरिकन पासपोर्ट होते त्यांना बसने हॉटेलांत नेले, आणि भारतीय, बांगलादेशी, आफ्रिकी प्रवासी आतल्या दालनात लष्करी खाटांवर राहिले. तिची रक्तदाबाची औषधे सामानात दिलेल्या बॅगेत होती. तिला इंग्रजी बेताचेच येते. एका तेलुगू कुटुंबाने तिला आपल्यात सामावून घेतले, त्यांच्यातल्या मुलीने वैद्यकीय कक्षात जाऊन औषधे मिळवून दिली, हे ऋण आमच्या घरात कोणीही विसरलेले नाही.

उड्डाणे सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण पहिल्या विमानांत जागा मिळाली ती त्या दिवसाचे आधीपासून आरक्षण असलेल्यांना. अडकलेल्यांना उरलेल्या जागांवर बसवायचे, असे विमानकंपनीने ठरवले होते. म्हणजे जो सर्वांत आधी अडकला तो सर्वांत शेवटी सुटला. मला हे आजही अन्यायाचे वाटते. वृद्ध, आजारी, लहान मुलांसह असलेले आणि व्हिसाअभावी विमानतळातच कोंडलेले प्रवासी यांना पहिल्या उड्डाणांत जागा ठेवणे कोणत्याही कंपनीला अशक्य नव्हते. जाणकारांनी कृपया सांगावे की, त्यानंतर याबाबत काही नियम झाला आहे का?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नदीकाठी ताई, आपल्या आईंचा अनुभव इथे मांडल्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात ही बाजू यायलाच हवी होती इतकी ती महत्त्वाची आहे.

आपण म्हणता त्या विलंबाचे दुसरे कारण विमानांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या जागांमध्ये आहे. बंदी आली तेव्हा विमाने जिथे होती तिथेच थांबली. लंडनचे विमान सिंगापूरला, त्याचे वैमानिक हाँगकाँगला आणि पुढच्या फेरीचे प्रवासी न्यूयॉर्कला, अशी सगळी घडी विस्कटलेली असते. कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांवर सुरक्षिततेसाठी मर्यादा आहेत आणि त्या अशा प्रसंगीही शिथिल करता येत नाहीत, करूही नयेत. २० एप्रिलला संध्याकाळी ब्रिटिश एअरवेजची वीसहून अधिक लांब पल्ल्याची विमाने परवानगी मिळण्याआधीच लंडनच्या दिशेने निघालेली होती, आणि रात्री हीथ्रोला उतरलेल्या पहिल्या विमानांत व्हँकुव्हरहून आलेले विमान होते. परवानगी मिळाली नसती तर ती विमाने दुसरीकडे वळवावी लागली असती. या गोष्टीचा निर्णयावर किती परिणाम झाला याबद्दल तेव्हा पुष्कळ वाद झाला. निर्णय घेणाऱ्यांच्या डोक्यावर अशी टांगती तलवार असणे बरे नव्हे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. २२ एप्रिलपर्यंत युरोपातील उड्डाणांची संख्या जवळपास पूर्ववत झाली, पण अडकलेले सगळे लोक घरी पोहोचायला त्यानंतरही बराच काळ गेला.

उघडलेले आकाश पुन्हा बंदही झाले, हेही नोंदवून ठेवतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये, नंतर स्पेन, पोर्तुगाल व इटलीच्या काही भागांत, आणि १६-१७ मेच्या सुमारास पुन्हा ब्रिटनमध्ये विमानतळ बंद करावे लागले. त्यानंतर २ ते ४ मिलिग्रॅम या पट्ट्यात मर्यादित वेळेपुरती उड्डाणे करण्याची तरतूद झाली. महिनाभरात मर्यादा दुप्पट होते, याचा अर्थ पहिली मर्यादा किती तात्पुरती होती हे उघड आहे. २०११ च्या मे महिन्यात आइसलँडमधल्याच ग्रिमस्वोटन ज्वालामुखीचा उद्रेक एय्याफ्यालायोकुलपेक्षा मोठा होता, पण तेव्हा सुमारे ९०० उड्डाणेच रद्द झाली. राख जड असल्याने लवकर खाली बसली हे एक कारण, आणि नवे नियम हे दुसरे.

सनदशीर

नदीकाठी, मी ग्राहक प्रकरणांत वकिली करतो, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. पहिली नुकसानभरपाई, म्हणजे ठरावीक रक्कम. ज्वालामुखीसारख्या असाधारण परिस्थितीत ती द्यावी लागत नाही. दुसरी म्हणजे देखभाल : जेवण, निवास, संपर्काची सोय आणि पैसे परत किंवा पर्यायी प्रवास. ही जबाबदारी कोणत्याही परिस्थितीत टळत नाही. एप्रिल २०१० मध्ये पोर्तुगालच्या फारो येथे अडकलेल्या एका प्रवासी महिलेने आपल्या सुमारे १,१३० युरोंच्या खर्चासाठी रायनएअरविरुद्ध दावा केला. कंपनीचे म्हणणे होते की, ही परिस्थिती ‘असाधारण’च्याही पलीकडची आहे. ३१ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने असा निवाडा दिला की, नियमात असा ‘अति-असाधारण’ वर्ग नाही आणि देखभालीच्या जबाबदारीला काळाची किंवा रकमेची मर्यादा नाही. प्रवाशाने केलेला खर्च आवश्यक, उचित आणि वाजवी असावा एवढीच अट आहे. बंदी जितकी लांबते तितकी प्रवाशाची गरज वाढते, हा त्या निवाड्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

प्राधान्याबद्दल बोलायचे तर, अपंग व्यक्ती, त्यांचे सोबती आणि एकटी प्रवास करणारी मुले यांना वाहून नेताना प्राधान्य द्यावे असे त्याच नियमाच्या अकराव्या कलमात आहे. वृद्ध किंवा व्हिसाअभावी कोंडलेल्या प्रवाशांचा त्यात उल्लेख नाही, आणि आपला आक्षेप म्हणूनच रास्त आहे. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसारही नैसर्गिक आपत्तीत नुकसानभरपाई देय नसते. आपल्याकडच्या प्रवाशांना माझा सल्ला इतकाच की, प्रत्येक पावती जपून ठेवावी, उड्डाण रद्द झाल्याचे लेखी मागावे, आणि औषधे कधीही मोठ्या सामानात देऊ नयेत.

अरबीसमुद्र

या चर्चेत आपल्या आकाशाचा ताजा अनुभव यायला हवा. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशात हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या मागील उद्रेकाची कोणतीही विश्वसनीय नोंद उपलब्ध नव्हती. राख सुमारे ४५ हजार फुटांपर्यंत चढली आणि तांबडा समुद्र, येमेन, ओमान व अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गुजरात, राजस्थान, दिल्लीकडे सरकली. सल्ला देणारे केंद्र होते फ्रान्समधले तुलूझ.

तेव्हा भारताचे आकाश बंद केले गेले नाही. महासंचालनालयाने राखेचे प्रदेश आणि उंचीचे थर टाळण्याची, मार्ग व इंधनाचे नियोजन बदलण्याची आणि इंजिनात बिघाड किंवा केबिनमध्ये धूर वा वास जाणवल्यास तात्काळ कळवण्याची सूचना काढली. कण्णूरहून अबू धाबीला निघालेले विमान अहमदाबादकडे वळवले गेले, अकासा एअरने आखाताकडची काही उड्डाणे रद्द केली, आणि एअर इंडियाने बाधित भागावरून आलेली विमाने तपासण्यासाठी काही फेऱ्या थांबवल्या. २५ तारखेच्या रात्रीपर्यंत ढग चीनकडे निघून गेला. २०१० ची सरसकट बंदी आणि २०२५ मधले राखेचे थर तेवढे टाळणे, या दोहोंतला फरक पाहिला की मधल्या पंधरा वर्षांत काय बदलले ते दिसते. मात्र राख उंचावरून गेली म्हणून हे साधले, ही बाब विसरता येणार नाही. तीच राख विमानतळाच्या पातळीवर उतरली असती तर प्रसंग वेगळा झाला असता.

त्यासाठी बालीचे उदाहरण घ्यावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे तिथला विमानतळ दोन दिवसांहून अधिक काळ बंद राहिला आणि २९ तारखेला वाऱ्याची दिशा बदलताच दुपारी उघडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकीच्या उद्रेकाने भारतातून बालीला जाणारी उड्डाणेही रद्द झाली होती. माझा प्रश्न टर्बाइनपाते यांना आहे : इंजिनाला किती राख सोसते, हा आकडा आता तरी चाचणीने ठरला आहे का?

टर्बाइनपाते

अरबीसमुद्र, बऱ्याच अंशी ठरला आहे, आणि तो ज्या स्वरूपात ठरला ते समजून घेण्यासारखे आहे.

२०१५ मध्ये अमेरिकेत नासा, तिथले हवाई दल आणि इतर संस्थांनी मिळून एका सी-१७ मालवाहू विमानाच्या इंजिनात जमिनीवर प्रत्यक्ष ज्वालामुखीची राख सोडून चाचणी केली. आधी घनमीटरमागे १ मिलिग्रॅम आणि नंतर १० मिलिग्रॅम, अशी प्रमाणे ठेवली होती. असे मुद्दाम केलेले प्रयोग फार थोडे आहेत, कारण प्रत्येक वेळी एक महागडे इंजिन पणाला लावावे लागते.

त्यानंतर रोल्स-रॉइसने आधीच्या सर्व घटना आणि चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या. केवळ राखेचे प्रमाण पाहणे अपुरे आहे, इंजिनाने एकूण किती राख गिळली हे महत्त्वाचे, म्हणजे प्रमाण गुणिले वेळ, अशी भूमिका त्यांनी घेतली. त्यानुसार घनमीटरमागे २ मिलिग्रॅम राखेत दोन तास किंवा ४ मिलिग्रॅम राखेत एक तास, इतकी एकत्रित मात्रा सुरक्षित उड्डाणाच्या मर्यादेत धरली जाते. म्हणजे २० एप्रिल २०१० चा २ मिलिग्रॅमचा आकडा चुकीचा नव्हता, पण त्याला वेळेची जोड नव्हती. या मर्यादेत इंजिन बंद पडणार नाही असे म्हणता येते, झीज होणार नाही असे नव्हे. तो खर्च विमानकंपनीने सोसायचा असतो.

कामाच्या दृष्टीने याचा परिणाम असा की, मार्ग आखणाऱ्याचे आता केवळ राखेचा नकाशा पाहून भागत नाही. विमान त्या पट्ट्यात किती मिनिटे राहील, परतीच्या फेरीत पुन्हा किती राख मिळेल आणि आधीच्या फेऱ्यांत त्या इंजिनाने किती घेतली आहे, याची बेरीज ठेवावी लागते. पूर्वानुमानातील प्रमाणच दुपटीतिपटीने चुकू शकते, त्यामुळे त्या बेरजेत सुरक्षिततेसाठी मोठा वाव राखावा लागतो. आणि दिसणाऱ्या राखेत शिरायचे नाही हा नियम कोणत्याही बेरजेने रद्द होत नाही.